धनेशाच्या ढोलीपर्यंत नेलेले बोंबील

खरं तर मी केळव्याला निघाले होते. बोईसरला मावसबहिणीकडे चार दिवस पडून होते. ती कारखान्यात गेली की घरात मी आणि पंखा, दोघंही गरगरत. म्हटलं, समुद्रावर जाऊन यावं. पण रिक्षात शेजारच्या बाईच्या टोपलीत कुठला मासा आहे ते विचारत बसले आणि तिच्याबरोबर नवापूरलाच उतरले. माझं हे नेहमीचंच. बारावीचा अभ्यास करायला बसले होते तेव्हाही असाच कुठेतरी फाटा फुटला होता.

नवापूरच्या किनाऱ्यावर मे महिन्यात बांबूंच्या उंच वलांडी उभ्या असतात आणि त्यांवर बोंबील वाळत असतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, खिळा नाही. मी तोंड उघडं टाकून बघत उभी राहिले, तेवढ्यात टोपलीवाल्या बाई, म्हणजे हिरामावशी, म्हणाल्या, "बघतेस काय? लाव हात."

तासभर मी बोंबील अडकवत होते. माझ्या निम्म्या जोड्या सुटून वाळूत पडल्या.

"हिचं लगीन लावू नका गं कोणी," मावशी बाकीच्या बायांना म्हणाल्या, "नवरा बी असाच सुटून पडंल."

दुपारी मावशींनी भाकरी आणि कालवण वाढलं. जेवताना मी सहज विचारलं, इथून जवळ जंगल कुठलं? मावशींचा घास हातातच राहिला.

"तानसाच्या रानाकडं जाशील?"

"काय आहे तिथं?"

"बिबट्या हाय," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "आन् माझी जानी हाय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोकणात पावसाळ्याआधी घरात जे सामान भरून ठेवतात, त्याला आगोट म्हणतात. डोंगराकडची माणसं आगोटीला सुकी मासळी भरतात, कारण नंतर तीन-चार महिने दुसरं काही मिळत नाही. हिरामावशी मनोरच्या आठवडी बाजारात बसतात आणि अभयारण्याच्या कडेच्या पाड्यावरची जानीबाई वीस वर्षं त्यांच्याकडूनच आगोट नेते. गेल्या वर्षी शेवटच्या खेपेला आभाळ भरून आलं. मावशींनी घाईघाईत बोंबील काढले, अर्धे वाळलेले, अर्धे मऊ, आणि तेच जानीबाईला दिले.

"दिवाळीला भेटली तवा म्हणली, जरा वास मारत होते. आन् हसली. भांडली असती तर बरं झालं असतं. आता तीन बाजार झाले, आली नाय."

संध्याकाळी निघताना मावशींनी माझ्या हातात एक जाड कागदी पुडकं ठेवलं. "तिला दे. घेतलं तर काय नाय. परत दिलं तर समजंन मी, की दुसरीकडं भरली तिनं." त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि लगेच कुणावर तरी ओरडायला लागल्या.

अशी माझी जंगल सफारी ठरली.

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी. तुम्हाला जायचं असेल तर ऐका: बोईसरहून चिल्हार फाट्यावरून मनोर आणि पुढे वाडा. ट्रकांची गर्दी सुरू व्हायच्या आत फाटा ओलांडला तर अंग शाबूत राहतं. वाड्याहून पुढे इको गाडी मिळते, ती भरेपर्यंत चहा-भजी होतात. जाण्यायेण्याचं भाडं आणि नाश्ता मिळून मुंबईतल्या एका पिझ्झापेक्षा स्वस्त. अभयारण्यात शिरायची परवानगी आणि वाटाड्या यांची चौकशी आधी करून ठेवा. मी केली नव्हती, म्हणून चौकीवर दोन तास बसले.

एसटीत माझ्या मागे कामावर निघालेले दोघं होते. खिडकीतून वारा आत आला तसा एकजण म्हणाला, "दीदी, बॅग में क्या है?"

"मछली. सुकी."

"सुकी है तो इतना बोल क्यों रही है?" अख्खी बस हसली. कंडक्टरनं न विचारता मला शेवटच्या सीटवर हलवलं.

चौकीवर देवजीदादा भेटले. पन्नाशीचे, शेलाटे, खाकी शर्टाच्या खिशात करवंदं. हेच माझे वाटाडे. मी जानीबाईचं नाव काढलं तर म्हणाले, "ती पाड्यावर नाय. रानात बसलीय."

"कशाला?"

"पाखराला राखण." मग त्यांचं नाक हललं. "पिशवीत काय?"

मी पुडकं दाखवलं. देवजीदादा दोन पावलं मागे सरले. "हे घेऊन रानात शिरायचं? बिबट्या तोंडाला रुमाल लावून वाड्याला निघून जाईल!" शेवटी त्यांनी पुडक्यावर सागाची पानं गुंडाळली, त्यावर माझा रेनकोट, आणि त्यावर त्यांचा जुना टॉवेल. तरी मुंग्यांनी शोधलंच.

मे महिन्यातलं तानसाचं रान हिरवंगार असेल अशी कल्पना असेल तर ती घरी ठेवून या. साग उघडाबोडका, पायाखाली पानांचा कुरकुरीत थर, आणि मधेच एखादा बहावा अख्खा पिवळा होऊन उभा. कांडोळाची झाडं पांढरीफटक. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. ऐनाच्या खोडात पाणी साठतं म्हणे, उन्हाळ्यात जुनी माणसं तहान लागली की त्यालाच विचारायची. मी त्याला कान लावून उभी राहिले. देवजीदादा म्हणाले, "बोलत नाय तो. चला."

मी मात्र दर दहा पावलांना थांबत होते. हरोळ्या, म्हणजे हिरवी कबुतरं, उंबरावर बसल्या होत्या, पानांत अशा मिसळलेल्या की उंबरं पडायला लागली तेव्हा कळलं. स्वर्गीय नर्तकाचा नर दिसला, पांढरी लांब शेपटी झुळझुळत गेला, आणि मी त्याच्यामागे वाट सोडून नाल्यात उतरले. तिथे ओल्या मातीत फुलपाखरं बसली होती, पिवळी, पांढरी, निळ्या पट्ट्याची, सगळी पाणी पीत. त्यांच्या शेजारी एक गोल, खोल ठसा.

"कालचा हाय," देवजीदादा हळूच म्हणाले. नाव घेतलं नाही, नुसते हात जोडले. मीही जोडले. मग इकडेतिकडे बघितलं. मग देवजीदादांच्या जरा जवळ सरकले.

भेकर भुंकलेलं ऐकू आलं, दिसलं नाही. रानपिंगळा इथे सापडतो म्हणून नावाजलेला, तोही नाही. चौशिंगा नाही. "तुमच्या बोंबलांनी सगळ्यांना आधीच निरोप दिला," दादा म्हणाले.

मग त्यांनी एकदम हात आडवा केला. समोर जुनं बेहड्याचं झाड होतं आणि त्यापासून बऱ्याच अंतरावर फांद्यांचा आडोसा. आडोशामागे एक बाई पाय पसरून बसली होती, मांडीवर चिंचोक्यांचे दोन ढीग. तिनं ओठांवर बोट ठेवलं. ही जानीबाई.

आम्ही रांगत जाऊन शेजारी बसलो. तिनं हनुवटीनं झाडाकडे दाखवलं. खोडात उंचावर एक ढोली होती, तिचं तोंड मातीनं लिंपून बंद केलेलं. मधे फक्त एक उभी फट.

"धनेशाची मादी आत हाय," जानीबाई कुजबुजली. "सोताला कोंडून घेतलंय. पिल्लू मोठं होईस्तोवर नर भायेरून भरवतो. नराला भ्याव वाटलं, तो आला नाय, तर दोघं उपाशी." वनखात्याच्या साहेबांनी तिला विणीच्या दिवसांत राखणीला बसवलंय. नर आला की एक चिंचोका एका ढिगातून दुसऱ्या ढिगात. संध्याकाळी साहेब ढीग मोजून वहीत लिहितात.

"आणि बाजाराला?"

"बाजाराच्याच दिवशी माणसं रानात घुसतात. करवंदांना, लाकडाला, गलोल घेऊन. मी गेले तर हिच्याकडं कोण बघंल?"

मला हायसं वाटलं. म्हणजे राग नाहीच! मी एकेक आवरण सोडून पुडकं पुढे केलं आणि हिरामावशींचा निरोप सांगितला, सगळा, अर्ध्या वाळलेल्या बोंबलांसकट. तुम्ही रागावला नाही हे मी सांगते त्यांना, असंही वर म्हणाले.

"कोण म्हनतं रागावले नाय?" जानीबाईचा आवाज तेवढाच हळू होता. "श्रावणात डबा उघडला तर आळ्या. नुसता भात नि मीठ खाल्लं पोरांनी. वीस वर्सं जिच्याकडून नेते तिनं असं द्यावं?"

तिनं पुडक्यातून एक बोंबील काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला. चांगला वाळला असेल तर कडकन मोडतो, हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. ती आता मोडणार, तेवढ्यात वरून पंखांचा आवाज आला. जानीबाईचे हात जागीच थांबले.

नर आला. राखाडी, लांब शेपटीचा, चोचीवर छोटंसं शिंग. आधी शेजारच्या झाडावर बसून चौफेर बघितलं. आमच्याकडेही. मी श्वास धरला. मुंगी माझ्या मानेवरून चालली होती आणि मला ती मारायची नव्हती. मग तो ढोलीला चिकटला, शेपूट खोडाला टेकवली, आणि घशातून एकेक उंबर वर काढून फटीत देऊ लागला. एक, दोन, पाच, नऊ. आतून चोचीचं टोक येई आणि उंबर आत जाई. मी आयुष्यात इतका वेळ एका गोष्टीकडे कधी बघितलं नसेल. जानीबाईच्या चिमटीत बोंबील तसाच, वाकलेला, मोडायच्या बेतात.

नर उडाला. ती दहा श्वास थांबली. चिंचोका सरकवला. मग हात खाली घेतला.

कट्ट.

दोन स्वच्छ तुकडे. तिनं एक हुंगला, दुसरा कानाशी नेऊन पुन्हा मोडला. पुन्हा कट्ट. मग तिनं सगळं पुडकं नीट बांधलं आणि स्वतःच्या मागे, सावलीत ठेवलं.

"सांग तिला, रागावले होते," ती म्हणाली. "आन् जवळा कुठाय म्हनावं? आगोट अशी अर्धी देतात? पिल्लू उडालं की येते, ठेवायला सांग."

परतीच्या वाटेवर देवजीदादांनी मला खिशातली सगळी करवंदं दिली. भेकर आता अगदी वाटेवर उभं होतं, आम्हाला बघून निवांत निघून गेलं. "बघा," दादा म्हणाले, "पुडकं नाय तर गर्दी."

दुसऱ्या दिवशी नवापूरला जाऊन मी निरोप पोचवला. गोड करून सांगायचा मोह झाला होता, पण जसाच्या तसा सांगितला. हिरामावशींनी डोक्याला हात लावला. "आळ्या? अगं बाई! पोरं उपाशी?" मग, "जवळा मागितला म्हणालीस? तिच्या तोंडानं?" आणि त्या उठून जवळा, ती बारीक सुकी कोळंबी, निवडायलाच बसल्या, एकेक काडी बाजूला काढत, कुणाला हात लावू न देता.

आता मी कल्याणला घरी आहे. बिबट्या पाहिला का, असं सगळे विचारतात. ठसा पाहिला, असं मी सांगते, आणि त्यांचा चेहरा पडतो. माझ्याकडे फोटोही एकच आहे, हललेला. तानसाला जायचं तर भरपूर पाणी न्या, मळके रंग घाला, अत्तर लावू नका, आणि वाटाडा थांब म्हणाला की खरंच थांबा. मला थांबता येतं हे मला तिथेच कळलं, तेवढं बरोबर आलंय.

काल देवजीदादांचा फोन आला. लिंपण फुटलंय, पिल्लू भायेर पडलंय, जानी घरी गेलीय. मी लगेच हिरामावशींना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं: ढोली फुटली, पिल्लू उडालं, आईबाप दोघंही बरोबर होते!

"बरं बरं," मावशी म्हणाल्या. मागे समुद्राचा आणि बायांचा आवाज एकत्र येत होता. "मग आता ऐक. मनोरचा बाजार परवा हाय, तिला निरोप धाड, जवळा घेऊन बसते म्हणावं."