वाँटनला कळ्या पाडणारे मेस्त्रीकाका

तुमच्या कपाटात दुसऱ्या माणसाचा पासपोर्ट आहे का? आखातात धंदा करणाऱ्या आपल्या मराठी माणसांना मी हे विचारतोय, आणि त्यांच्या ऑफिसात नोकरी करणाऱ्यांनाही. माझ्या ताब्यात असे पासपोर्ट ड्रॉवर भरून होते. गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साहेब आत आले आणि म्हणाले, "मेस्त्रीचा पासपोर्ट काढ." मला इतका आनंद झाला... दोन महिने मेस्त्रीकाका ज्याची वाट बघत होते ते अखेर झालं होतं. किल्ली फिरवता फिरवता मी विचारलं, "तिकीट मुंबईचं काढू की गोव्याचं?" साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "तिकीट नको. कार्गोला फोन कर."

त्या सकाळी मेस्त्रीकाका कामगारांच्या कॅम्पातल्या खाटेवरून उठलेच नव्हते. हृदयक्रिया बंद पडली, असं कागदावर लिहून आलं. कुठल्या मेलेल्या माणसाची ती चालू असते?

अनंत मेस्त्री कुडाळकडचे सुतार. दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधल्या आमच्या कंपनीत शटरिंगचं काम करायचे, म्हणजे काँक्रीट ओतायला लाकडी साचे उभे करायचे. चार वर्षांपूर्वी ते आले तेव्हा मीही ऑफिसात नवाच होतो, आणि आलेल्या माणसाचा पासपोर्ट जमा करून घेणं हे माझं काम होतं. त्यांनी तो शर्टाच्या आतल्या खिशातून काढला, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला, आणि विचारलं, "ह्याची पावती मिळते ना?" मी हसलो. "काका, साहेब आपलेच आहेत. आपल्या माणसाकडे पावती मागता?" ते इतके ओशाळले की "चुकलं हां माझं" म्हणून गेले. मालक दुसरा कोणी असता तर पावती हातात पडल्याशिवाय त्यांनी पासपोर्ट सोडला नसता. पण साहेब मराठी होते, त्यांच्या घरी गणपती बसायचा, आणि पुढे दरवर्षी त्याचं मखर मेस्त्रीकाकांनीच केलं. माझे वडील कामगार संघटनेत होते. त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाचा मोठा झालो, आणि तरीही पावतीचं ते वाक्य माझ्याच तोंडून निघालं.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी ते मला कॅम्पामागच्या नूडल्सच्या ठेल्यावर न्यायचे. टायरच्या दुकानांच्या रांगेत पत्र्याची शेड, प्लास्टिकची चार टेबलं, आणि सतत उकळणारं एक भलं मोठं पातेलं. लिन नावाची चिनी बाई तो ठेला चालवायची. सहा दिरहमला, म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपयांत, वाडगाभर वाँटन नूडल्स. मैद्याच्या पातळ पारीत कोंबडीचा खिमा भरून केलेली ती पुरचुंडी मेस्त्रीकाकांनी पहिल्यांदा चमच्यावर धरली, उलटसुलट करून पाहिली आणि निकाल दिला, "हिका मोदक वळूक येनत नाय." मग उठले, हात धुतले, तिच्या बाजूला उभे राहिले आणि एका पारीला बोटांच्या चिमटीत धरून भराभर कळ्या पाडल्या. लिन बघतच राहिली. "मेस्त्री, ये क्या? फूल?" "फूल नाही, मोदक. मेरे गाँव का." तिनं दोन-तीन फाडल्या, त्यांनी तिला हसत शिव्या घातल्या, आणि महिन्याभरात तिच्या हातून सुरेख कळ्या पडायला लागल्या. उकळत्या पाण्यातही त्या सुटायच्या नाहीत.

मी वाफाळत्या वाडग्यासमोर मजुरांच्या हक्कांवर बोलायला लागलो की ते म्हणायचे, "काय कार्यकर्ते, आज कोणावर मोर्चा? आधी खा. क्रांती गार होत नाही, नूडल्स होतात." शेवटचा एक वाँटन ते वाडग्यात नेहमी राखून ठेवायचे, आणि सूप संपल्यावर डोळे मिटून खायचे.

त्या शनिवारच्या दोन महिने आधी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. गावी जाऊन दाखवतो म्हणून त्यांनी साहेबांकडे पासपोर्ट मागितला. साहेबांनी "साइटचा हँडओव्हर झाला की खलास, दुसऱ्या दिवशी जा" म्हणून सांगितलं. हँडओव्हर दर आठवड्याला पुढे जात राहिला. शेवटच्या शुक्रवारी ठेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच असते ना रे?"

मी नूडल्स ढवळत राहिलो. "थोडंच राहिलंय, काका. पुढच्या आठवड्यात... इन्शाल्ला."

"तूसुद्धा इन्शाल्ला म्हणायला लागलास?" ते हसले. त्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. आपला राखून ठेवलेला वाँटन त्यांनी उचलून माझ्या वाडग्यात टाकला. "खा. मला जात नाही आज."

मी तो खाल्ला.

ड्रॉवर उघडायला मला कोणाच्या बापाची परवानगी लागत नव्हती. नोकरी गेली असती. ती मी आता सोडलीच आहे, पण माणूस गेल्यावर. आणि जो पासपोर्ट दोन महिने हँडओव्हरमध्ये अडकला होता, तो शवपेटीबरोबर जायला अर्ध्या दिवसात तयार झाला.

काल मी एकटाच ठेल्यावर गेलो. लिननं विचारलं, "मेस्त्री गाँव गया?" मी म्हणालो, "हां, गया." तिनं वाडगा पुढे ठेवला. प्रत्येक वाँटनला तशाच कळ्या, सारख्या अंतरावर, एकही सुटलेली नाही. सूप संपलं. एक वाँटन तळाशी उरला. तो काही माझ्याच्यानं उचलवेना...

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. हा पेपर खाली ठेवा आणि कपाट उघडा. आत दुसऱ्याचा पासपोर्ट असेल, तर आजच तो त्याच्या हातात द्या. आणि तुम्ही मालक नसाल, नुसती किल्ली तुमच्याकडे असेल, तर हुकमाची वाट बघू नका.