उशिरा आणलेलं बाळ

कणकवली स्टँडवर गोव्याच्या गाडीची वाट पाहत ती माझ्या शेजारी बसली होती. मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, पलीकडे मुलीची घाबरलेली आई. मुलीला मांडीवर घेतलेली ही मात्र नात्यातली नव्हे. आचऱ्यात बाळांना न्हाऊ घालणारी. तेलात मुरलेला पंजा तिनं मुलीच्या लांबट डोक्यावरून क्षणभरही काढला नाही.

“बाय गो, चिठी वाच मगे,” दवाखान्याचा कागद माझ्यापुढे धरत ती म्हणाली.

इथल्या डॉक्टरांनी गोव्यातल्या, कवटीची शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या नावे दिलेली ती चिठ्ठी इंग्रजीत होती. मी मराठीत सांगितली: कवटीची हाडं वेळेआधी जुळली आहेत, मेंदूला जागा कमी पडते आहे, सोबतच्यांनी बाळ उशिरा आणलं.

“उशिरा?” तिचा हात थांबला. “चवथ्या म्हयन्यातच टाळू बुजली, ता माझ्या हाताक कळला. दोन दवाखान्यांत सांगलंय. हसले आणि म्हणाले, ‘मालीश करा, गोल होईल.’”

मी चिठ्ठीतली ती ओळ पुन्हा वाचली. ज्या हातानं सगळ्यांच्या आधी ओळखलं, त्याच्यावरच उशिराचा ठपका!

गाडी लागली. “तिथेही हे ठासून सांगा, मावशी,” मी म्हटलं.

मुलीला छातीशी धरून ती पायरीवरून वळली.

“ऐकतले काय गो ते?”