आभार मानून झाल्यावर

माझ्या नवऱ्याला झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाजू गेल्याचं दुःख मोठंच, पण त्याची वाचा जाणं म्हणजे काय, हे त्याला आधी ऐकलेल्यांनाच कळेल. बुधवारा मोहल्ल्यात खाली आमचं चादरींचं दुकान आणि वर घर. एक चादर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक त्याच्या गप्पांत गुंतून सतरंजीही घेऊन जायचं. त्या माणसाला आता साधं 'पाणी' म्हणता येईना. समजायचं सगळं. ओठ हलायचे, घशातून काहीतरी निघायचं, आणि मग तो डावा हात गादीवर आपटायचा.

घराचा जिना इतका अरुंद की बादली घेऊन चढताना मलाच अंग चोरावं लागतं. त्याला खाली न्यायचं तर खुर्चीत बसवून दोन दणकट माणसांनीच उचलायला हवं. आमच्या चर्चच्या मंडळीतले दोघे भाऊ दर शनिवारी यायचे, कुरकुर न करता त्याला उतरवायचे आणि आपल्या गाडीतून जळगावला न्यायचे. तिथे वाचेचे व्यायाम करून घेणारी एक बाई होती. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, तेव्हा एकही शनिवार चुकवू नका, असं तिनं बजावलं होतं. मी चुकवत नव्हते. त्या एका शनिवारच्या जोरावर मी बाकीचा आठवडा ढकलायची.

दिवेलागणीला आमच्या घरात प्रार्थना होते. एखादं गीत, मग सासूबाईंची लांबलचक प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून, लहानपणापासून तोंडपाठ असलेली, बायबलातली प्रभूची प्रार्थना. सासूबाई माहेरच्या निंबोल्याच्या. देवाला त्या अख्ख्या गावाची खबर देतात. कुणाच्या केळीवर रोग पडला इथपासून कुणाची सून रुसली इथपर्यंत. लग्न होऊन मी नगरहून नवी आले तेव्हा एकदा हसून म्हटलं होतं, "आई, देवाला हे सगळं आधीच माहीत असेल की." त्या म्हणाल्या, "माहीत असन ना. पण माया तोंडून ऐकू दे त्याले."

अशाच एका संध्याकाळी आम्ही दोघी प्रभूची प्रार्थना म्हणत होतो, आणि मध्येच तिसरा आवाज आला. तो म्हणत होता. अडखळला नाही, चाचरला नाही. आमेनपर्यंत एकेक शब्द लख्ख. माझ्या हातातलं गीतांचं पुस्तक खाली पडलं. सासूबाईंनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्या रडायलाच लागल्या. मीही रडले. त्या संध्याकाळचा माझा आनंद खरा होता, हे मी आजही सांगेन. पण थोड्या वेळानं मी त्याला विचारलं, "चहा घेणार?" त्याचे ओठ हलले, घशातून तेच जुनं काहीतरी निघालं, आणि हात गादीवर आपटला.

रविवारी उपासनेत साक्षीची वेळ झाली. आमच्याकडे ज्याला देवाचा अनुभव आला तो उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो. सासूबाई उभ्या राहिल्या. "माया पोरगा बोलून राहिला. देवानं त्याले बरं केलं." मंडळीनं टाळ्या वाजवल्या, हालेलुया झाला. पाळकसाहेबांचेही डोळे भरले. त्यांनी मनापासून आभाराची प्रार्थना केली. आणि तिथेच मी अडकले. आमच्या मंडळीची रीत अशी की एकदा आभार मानून झाले की तीच गोष्ट परत मागायची नाही. परत मागितली तर देवानं दिलेलं नाकारलं असं होतं. त्या रविवारपासून आजाऱ्यांच्या प्रार्थनेत माझ्या नवऱ्याचं नाव येईनासं झालं.

शनिवारी मी त्याला धुतलेला सदरा घालून बसवलं. दोघे भाऊ आले नाहीत. फोन केला तर धाकटा चकित झाला. "भाभी, पर वो तो ठीक हो गये ना? आई बोलल्या, आता गरज नाही."

मी सासूबाईंना गाठलं. म्हटलं, आई, याला पाणी मागता येत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "येईन. विश्वास ठेव. आता डॉक्टरकडे नेशीन तर तो अविश्वास होतो, बेटा." जळगावच्या बाईला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, लहानपणापासून पाठ असलेलं कधीकधी असं शाबूत राहतं. गाणं राहतं, आकडे राहतात, प्रार्थना राहते. चांगलं लक्षण आहे, पण याला बोलणं म्हणत नाहीत, ताबडतोब घेऊन या. हे मी सासूबाईंना सांगितलं, आणि त्या दिवसभर जेवल्या नाहीत. आईच्या ताटावर झाकण दिसलं की माझा नवरा कासावीस व्हायचा. त्याच्याकडे बघून मीच गप्प झाले. दुसरी माणसं बोलावून, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत त्याला उचलून नेण्याची हिंमत मला झाली नाही. वरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि तिघांनाही बाहेर पडायला वाट नाही.

वर पाहुणे येऊ लागले. खंडव्याहून, नेपानगरहून, कुणाची कोण माणसं. हातात दराब्याच्या मिठाईचा पुडा आणि तोंडावर उत्सुकता. "भाऊ, म्हणून दाखवा ना." सासूबाई सुरुवात करून द्यायच्या, तो पुढे म्हणायचा, आणि लोक डोळे पुसत जिना उतरायचे. मी चहाची भांडी विसळायची. नळाखाली कप असे आपटायची की दोन कपांचे कान गेले. लोक मला म्हणत, "तुम्ही किती भाग्यवान!" मी हसायची. ते हसू मला इतकं जड व्हायचं की रात्री जबडा दुखायचा.

सगळ्यात वाईट हे की माझीही खात्री नव्हती. वाटायचं, सासूबाईंचंच बरोबर असेल तर? माझ्याच खडूस मनामुळे पुढचं अडलं असेल तर? गच्चीवर कपडे वाळत घालताना मी देवाशी बोलायची, आणि ते बोलणं मुळीच गोड नसायचं. मी म्हणायची, मला आभार मानता येत नाहीत. तू त्याला तुझ्याशी बोलण्यापुरती वाचा दिलीस आणि माझ्याशी बोलायला ठेवली नाहीस, हे मला पटलेलं नाही. माझ्याच बोलण्याची मला भीती वाटायची. पण एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. दिवसभरात मी कुणाशी खरं बोलत असेन तर ते फक्त तिथे, ओल्या कपड्यांच्या दोरीखाली. बाकी सगळीकडे मी खोटं हसत होते. ज्याच्यावर मी इतकी चिडले होते त्याच्यावरच माझा भरवसा होता, हे मला फार उशिरा कळलं.

मग ती दुपार आली. खोलीत सात-आठ माणसं दाटीवाटीनं बसली होती. माझा नवरा पलंगाच्या कडेला पाय सोडून बसला होता. एका जाडजूड बाईंनी लोखंडी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. शेजारच्या गृहस्थांनी भक्तिभावानं त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तेवढ्यात प्रभूची प्रार्थना सुरू झाली. आज सासूबाईंनी सुरुवात करून द्यायच्या आधीच त्यानं आपणहून सुरू केली होती. सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्याच्या सुरात सूर मिळवला. त्याचा आवाज चढला, तसा त्यांचाही चढला. आमेन झालं आणि दम न घेता तो पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. कुणीतरी "हालेलुया!" म्हटलं. तो आणखी मोठ्यानं म्हणू लागला, जवळजवळ ओरडत. मी ट्रे घेऊन दारात आले तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि एकट्या सासूबाई उभ्या राहून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"उठा!" त्या किंचाळल्या. "बाई, उठा तुम्ही खुर्चीवरून!"

खुर्चीचा पाय त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर होता. उजव्या पायावर असता तर त्याला कळलंही नसतं. कळणाऱ्या पायावरच तो आला होता, ढकलायला उरलेला एकुलता एक हात प्रेमानं धरून ठेवलेला होता, आणि ओरडायला त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते. तो मदत मागत होता आणि आम्ही आमेन म्हणत होतो.

बाई बिचाऱ्या रडायला लागल्या. माणसं चहा न घेताच उतरली. सासूबाई खाली बसल्या. त्याचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी अंगठ्याला हळद भरली. नख काळं पडलं होतं. त्यांनी त्याला विचारलं, "दुखते का रे, राजा?" त्यानं आईकडे बघितलं आणि अगदी हळू, थकलेल्या आवाजात पुन्हा प्रार्थनेचा पहिला शब्द उच्चारला. सासूबाईंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. "नको," म्हणाल्या. "नको बोलू. समजलं मले."

त्या आठवड्यात त्या माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. मीही आपणहून बोलले नाही. माझ्या पोटात इतका राग होता की तोंड उघडलं असतं तर मला आवरता आलं नसतं. रविवारी शेजारची वहिनी त्याच्याजवळ बसली आणि आम्ही दोघी उपासनेला गेलो. साक्षीची वेळ झाली तशा सासूबाई उठल्या. पुन्हा तेच, असं म्हणून मी मान खाली घातली.

"माया पोरगा बरा झाला नाही," त्या म्हणाल्या. "त्याले पाणी मागता येत नाही. मी घाई केली. देवानं काही सांगितलं नव्हतं, मीच सांगून दिलं. त्याच्यासाठी परत मागा. म्या तर मागूनच राहिली."

साक्षीनंतर टाळ्या पडल्या नाहीत, असं मी प्रथमच पाहिलं. मागच्या बाकावरून थोरल्या भावाचा आवाज आला, "भाभी, शनिवारी किती वाजता येऊ?" पाळकसाहेबांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "आई, आणखी काही?"

"हो," त्या म्हणाल्या. "माया सुनेसाठी पण करा. ती मायावर लई चिडेल आहे. अन् बराबर चिडली ती."

कित्येक महिने रचून ठेवलेलं भांडण माझ्या जिभेवर तयार होतं, आणि आता ते भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. त्या उभ्याच होत्या, समोरच्या बाकाची पाठ धरून. मी त्यांचा पदर ओढला.

"बसा, आई," मी म्हटलं. "पाय कापतायत तुमचे."