किल्ली देणारा हात

"जुन्या मालकाला काय विचारता, रायर? त्याच्या शेजारच्या दुकानदाराला विचारा."

हे सांगताना तो खांद्यावरच्या टॉवेलाचं टोक तोंडाशी धरायचा, जणू मोठं गुपितच. आवाज मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा. तंजावुरात आम्हा मराठी लोकांना रायर म्हणतात. तो तमिळ, दुकानांचे गाळे भाड्याने लावून देणारा दलाल; नव्या भाडेकरूची चौकशीही तोच करायचा. बोलणं तमिळमध्येच व्हायचं. इथे मी ते माझ्या मराठीत सांगतो आहे.

बाजारगल्लीत माझा एक गाळा आहे. एक शटर, एक पंखा, मागे मोरी. त्याला धड भाडेकरू मिळवणं म्हणजे काय, ते तुमच्यापैकी ज्यांचा असा गाळा आहे त्यांनाच कळेल. एकदा एक झेरॉक्सवाला आला. त्याच्या जुन्या गाळ्याच्या मालकाने फोनवर त्याचे इतके गुण गायले की मी करारनामा करायला निघालो. दलालाने मला खाली बसवलं. "इतकं कौतुक लग्न जमत नसलेल्या मुलीचं करतात," म्हणाला, आणि बस धरून पापनाशमला, त्याच्या जुन्या दुकानाच्या गल्लीत गेला. संध्याकाळी हसतच परत आला. तो मालक त्या झेरॉक्सवाल्याला कधीपासून घालवायला बघत होता, असं शेजाऱ्याने सांगितलं होतं.

चुकायचाही. पापड विकणाऱ्या एका बाईबद्दल शेजारी वाईट बोलला, म्हणून त्याने तिला परत पाठवलं. तिने आमच्या समोरचाच गाळा घेतला आणि असा चालवला की गिऱ्हाइकांच्या चपला आमच्या पायरीपर्यंत यायच्या. तिथून जाताना तो छत्री तिच्या बाजूला कलती धरायचा. ऊन असो वा नसो.

पुढचं मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

एक माणूस आला आणि मराठीत बोलू लागला. माझी नातवंडंही मला तमिळमध्ये उत्तर देतात, आणि हा अनोळखी माणूस माझ्या आजोळच्या लोकांची विचारपूस करत होता. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो, एवढंच मी ऐकलं. दलालाने चौकशीला दोन दिवस मागितले. मी म्हणालो, "आमच्या माणसाची कसली चौकशी? आमच्यात शोभत नाही ते."

आमच्या गल्लीत नव्या भाडेकरूला किल्ली विड्याच्या पानांवर ठेवून देतात, आणि ज्याच्या हाताला यश आहे त्याच्या हातून देववतात. तो हात नेहमी दलालाचा. त्या दिवशीही मी त्यालाच बोलावलं. पानांचं ताट उचलताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली दिली.

गाळ्यात चोरून सिलिंडर भरले जात होते. पोंगलच्या तोंडावर आग लागली. माणसं वाचली, पण शेजारच्या शिंप्याचं दुकान सणाच्या ब्लाउजांसकट जळालं. भाडेकरू पळून गेला. राखेत उभा राहून शिंपी दलालाला म्हणाला, "तुझ्याच हाताने किल्ली दिलीस ना?"

तो काही बोलला नाही. मी तिथेच होतो. मीही बोललो नाही.

मग त्याला कोणी काम देईना. दुकानदार त्याला बघून फोन कानाला लावायचे. तो तिरुवैयारूला, आपल्या गावी निघून गेला. का बोलला नाही, मला कळलं नाही. माझी अब्रू राखली म्हणावं, तर माझे असे काय उपकार होते त्याच्यावर?

तो वारल्याचं गेल्या महिन्यात कळलं. मी बसने तिरुवैयारूला गेलो. त्याच्या बायकोने कॉफी दिली. मी सगळं सांगून टाकलं: तो भाडेकरू मी आणला होता, तुमचे यजमान चौकशी करू म्हणत होते, मीच अडवलं.

ती गोंधळली. मला वाटतं, रागावलीही. "चौकशीचा मीच कंटाळा केला, माझ्यामुळे शिंप्याचं दुकान गेलं," असं तो तिला शेवटपर्यंत सांगत आला होता. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. घरातही त्याने मला झाकलं? की सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं? सांगताना मी कुठपर्यंत आलो होतो, माझं मलाच कळेना.

तिने हाताने मला थांबवलं.

"ते कधी खोटं बोलले नाहीत, रायर. आता त्यांच्यामागे त्यांना खोटं ठरवू नका."

कॉफी निवली होती. मी ती पिऊन टाकली, आणि "बरं" म्हणालो.