महादेवाशी भांडले तो सोमवार

सहाव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक होतं, आतडी वर छातीत शिरली होती आणि डावं फुप्फुस दबलं होतं. "बाळंतपण संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यातच करा. जन्मल्याबरोबर श्वासाची नळी लागेल, मग ऑपरेशन," असं त्यांनी बजावलं.

ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती, त्यावरून घरी सासूबाई म्हणाल्या, "गिरानात इळी हाती धरली, त्याचं हाय हे." नवऱ्यानं वेगळंच काढलं, "डॉक्टर लोक उगं भ्या दाखवतेत. हितंच करू बाळंतपण." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. श्वास माझ्या लेकराचा आणि निवाडा करणारे हे! पण त्यांच्याहून जास्त राग देवाचा आला. लग्नाआधीपासून मी सोमवार धरत आले होते. त्याचं हे फळ?

पुढच्याच सोमवारी नवऱ्याला धर्मापुरीच्या देवळात न्यायला लावलं. नवस बोलायला नाही, भांडायला. तो बाहेर गाडीपाशी थांबला. मी महादेवापुढं उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "साऱ्या जगाचं इख गिळलं म्हनतेत तू, अन् माझ्या लेकराला श्वास देता येईना तुला?"

"त्याला काय बोलती? काय झालं लेकराला?"

मागं एक अनोळखी बाई उभी होती. सोनोग्राफीत दिसलेलं सगळं मी सांगितलं. ऐकून घेतलं तिनं, पण तिच्या डोळ्यांत माझ्याहून जास्त राग होता. "तुला आधी दिसलं तरी! माझ्या पोरालाबी असंच व्हतं. आमाला आधी न्हाई कळलं. जल्मला अन् निळा पडला. छातीचा फोटो काढला तवा समजलं. मोठ्या दवाखान्याला नेताना गाडीतच गेला. तू कुठं बाळंत व्हनार?"

मी बाहेर नवऱ्याकडं बोट केलं, "डॉक्टरीन संभाजीनगर म्हनती, हे हितंच म्हनतेत." ती तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "लेकरू जितं पायजे का न्हाई? मंग डॉक्टरीन सांगती तिथं ने हिला!"

 घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "आमी संभाजीनगरला जानार."

मुलगी झाली. रडली नाही. लगेच नळी घातली. एक्स-रेत हृदय उजवीकडं ढकललेलं आणि छातीत आतड्यांची वेटोळी दिसत होती. काही दिवसांनी श्वास स्थिरावला, तेव्हा ऑपरेशन झालं. दाराबाहेर मी दात आवळून बसले होते. "घे, आता तुझ्या हाती," असं महादेवाला म्हणाले, पण ती प्रार्थना नव्हती. भांडणात हात टेकल्यावर माणूस म्हणतो, तसं ते होतं. पुढच्या एक्स-रेंमध्ये दबलेलं फुप्फुस हळूहळू उघडत गेलं.

आज लेक रांगते, सासूबाईंचा पदर ओढून कल्ला करते. त्या बाईचं नाव विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तिला देवानं पाठवलं का, मला सांगता येणार नाही. पाठवलं असेल, तर तिचं लेकरू काऊन नेलं, हा राग अजून गेलेला नाही. सांजेला दिवा लावते तेव्हा लेकीसाठी उपकार मानते आणि त्या पोरासाठी भांडते. शरण जाणं म्हणजे गप्प बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, देवापासून काहीच लपवायचं नाही, रागसुद्धा नाही, एवढंच ते असावं.