पडद्यामागचा घागरा

आमच्या आतेसासूबाईंशी माझं कधीच पटलं नाही. नवऱ्याची ही आत्या आमच्याकडे राहायला आली ती सगळ्या घराला धारेवर धरायलाच. चहा गार झाला तर माझं चुकलं, गरम असला तरी माझंच. पायांत गेल्या जमान्यातला दरबारी नाच आणि जिभेवर मिरची.

दुपारी माझा जरा डोळा लागला, की त्या शेजारच्या खोलीत रेशमी घागरा घालून नाचायला लागायच्या. भिंत पातळ. गिरकी घेतली की सर्रर्र, आणि पाय टेकला की खस्स, कारण डावा गुडघा दगा द्यायचा आणि घागऱ्याचा घोळ जमिनीला घासायचा. सर्रर्र, खस्स. मी उशी कानावर दाबून घ्यायचे.

एक दिवस गळ्यात हेडफोन अडकवलेली एक दिग्दर्शिका घरी आली. तिला जुन्या नाचांतल्या कपड्यांच्या आवाजावर प्रयोग करायचा होता.

"आजी, तुम्ही पडद्यामागं नाचायचं. घागऱ्याला माइक लावू. लोकांनी बघायचं नाही, फक्त कापड ऐकायचं."

"कुणाला काही कळणार नाही," मी म्हटलं. "पालथ्या घड्यावर पाणी!"

आत्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दूध नासावं. "ज्याला कान आहेत त्याला नाच ऐकू येतो. तुझ्यासारखे बहिरे थोडेच येणार आहेत?"

मला खोटं पाडायला त्या हो म्हणाल्या. पण नुसतं तेवढंच नव्हतं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी 'नाचा' म्हटलं नव्हतं. आपला नाच ओळखणारं कुणी उरलंय का, हे कळल्याशिवाय त्यांना मरायचं नव्हतं.

प्रयोगाआधी दिग्दर्शिका म्हणाली, "पाय कसेही पडू द्या हं आजी, आवाज मात्र भरपूर येऊ दे."

आत्या गोड हसल्या. त्या गोड हसतात तेव्हा घाबरायचं असतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

नाट्यगृहातले दिवे मालवले. पडद्यामागून सर्रर्र सुरू झालं. माझ्या शेजारच्या खुर्चीतला दाढीवाला डोळे मिटून डोलत होता. सर्रर्र, सर्रर्र. पाठोपाठ खस्स काही येईना. माझं डोकं तापायला लागलं. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. मी हाताची घडी घालून बसून राहिले.

आत गेले तर आत्या खुर्चीत बसलेल्या. पायांत चपला. दिग्दर्शिका त्यांचे हात धरून "काय तो पदन्यास!" म्हणत होती. ती गेल्यावर मी दार लोटलं.

"तुम्ही नाचलाच नाहीत. इथं बसून हातांनी घोळ घासत होतात."

"कुणी चहाडी केली?"

"चहाडी कशाला हवी? गुडघा कुठं होता तुमचा?"

त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मला दिसले म्हणून आणखीच भडकल्या.

"एवढ्या गर्दीत एकीला कळलं," त्या म्हणाल्या, "तीही नेमकी तूच निघालीस, मेले!"