खिन्न : कधीच नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, जिच्याजवळ सगळं बोलते त्या थोरल्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय – तेही नीटसं ठाऊक नाही.

मी बेळगावात एका कॉलेजात मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी आरोग्याच्या एका पाहणीची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं. झोप लागते का, जिना चढवतो का, मन कसं असतं – असले प्रश्न. त्यातल्या एकासाठी मी 'खिन्न' हा शब्द निवडला. 'गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा खिन्न वाटलं?' दुसऱ्या एकानं मूळ न बघता तो परत इंग्रजीत नेला, तर अगदी मुळासारखा उतरला. बैठकीत सगळ्यांनी वाखाणला. मला – कशाला लपवू – फार सुख वाटलं होतं.

पण बैठकीत जमलेला शब्द माणसांत जमतो का? तेच बघायला मला निपाणीला धाडलं. बायकांपुढं बसायचं, प्रश्न वाचायचा, त्यांना काय समजलं ते त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायचं. अडलेला शब्द बदलायचा. आणि कुणी जिवाला कंटाळल्यासारखं बोललं, तर त्याच दिवशी पाहणीच्या डॉक्टरांना कळवायचं. हा नियम पहिल्याच पानावर होता.

शांताक्का विड्या वळत होत्या. पन्नाशीच्या, एकट्याच राहणाऱ्या. मांडीवर सूप, बोटं भराभरा चाललेली. मी प्रश्न वाचला.

"खिन्न म्हंजे काय गं, बाई?"

मी समजावलं – उदास, नाराज असं काही. त्यांनी मान हलवली.

"तसलं काय न्हाय. पर जीव नको झालाय बघ. सकाळी उठावंच वाटत न्हाय."

एवढं बोलल्या आणि त्यांची बोटं थांबली. माझ्याकडं बघत राहिल्या.

मला समजलं नाही, असं म्हणू का? मी खानापूरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. माझ्या आईच्या तोंडात हीच भाषा. मला लख्ख समजलं होतं. पण आधीच्या तिघीही त्याच शब्दापाशी अडखळल्या होत्या – त्यांचंही मी सांभाळून घेतलं होतं – आणि हे जसंच्या तसं लिहिलं असतं, तर माझा शब्द गेला असता. मी 'कधीच नाही'वर खूण केली. शेजारी लिहिलं : प्रश्न समजला. डॉक्टरांना फोन केला नाही. शांताक्कांनी केलेला चहा प्याले, आणि बस धरली.

पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात; उत्तरं जुळतात का बघायला. मी गेले तेव्हा शांताक्कांच्या घरात माणसं बसली होती. शेजारणीनं बाजूला घेऊन सांगितलं – आठ दिवस झाले, मळ्यातल्या विहिरीत.

संकेश्वरला दिलेली त्यांची लेक, सुरेखा, बाहेर आली. माझ्या हातातली फाईल बघून तिला उमगलं असावं.

"आई फोनवर सांगालती," ती म्हणाली, "बेळगावच्या बाई आलत्या, लई वेळ बोलत बसलत्या म्हणून. तुमच्याजवळ काय बोलली का हो ती?"

ती मला दोष देत नव्हती. नुसतं विचारत होती. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी म्हणाले, "बऱ्या होत्या. काही त्रास नाही म्हणाल्या."

ती भिंतीला टेकली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मीच. मागनं फोनवर मी लई टाकून बोललो तिला."

एक वाक्य – एकच – पुरलं असतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती रडली, आणि मी तो हात तसाच ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या फेरीच्या कागदावर, मुलाखत न होण्याच्या कारणापुढं मी लिहिलं : परगावी गेल्या. प्रश्नावली या भागासाठी योग्य ठरली. अजून वापरात आहे, त्या शब्दासकट.

सुरेखा संकेश्वरलाच असते. घर मी विचारून ठेवलंय. स्टँडपासून चालत दहा मिनिटं. कामासाठी महिन्यातनं एकदा तरी मी त्या रस्त्यानं जाते. बस तिथं थांबते, माणसं उतरतात. मी उतरलेले नाही.